कार्डं बदलली नव्हती

प्रिय अंगदमामा,

आज सकाळी अकरा वाजता प्राचार्यांच्या केबिनमध्ये माझ्या गाईडसरांनी तुमचं नाव घेतलं. कसं घेतलं ते ऐका. चष्मा काढला, रुमालाने पुसला, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "अंगद बिचारा साधा माणूस. झाली चूक त्याच्या हातून. आता तो गेला. मेलेल्या माणसाच्या चुका किती दिवस उकरायच्या?" चौकशी समितीतल्या तिघांनी माना खाली घातल्या. एकाने तर सुस्कारा सोडला. तुम्हाला जाऊन महिना झाला नाही, आणि तुमच्या मरणाचा पहिला उपयोग त्यांनी हा केला.

मी घरी आले. ताट समोर आलं ते तसंच सरकवलं. आईने विचारलं, काय झालं, तर तिच्यावरच खेकसले. मग कागद घेऊन बसले. समितीने मला दहा मिनिटं दिली होती. दहा मिनिटांत चार वर्षं मावत नाहीत. आणि त्यातला निम्मा भाग तुम्हालाही ठाऊक नाही, मामा. तुम्ही विचारलाच नाहीत कधी.

घाटनांदूरच्या रस्त्याला माळावरचं आपलं फार्मसी कॉलेज. मी माजलगावची, साखर कारखान्यातल्या फिटरची मुलगी, पीएचडीला आले तेव्हा मला उंदराची किळस यायची. अ‍ॅनिमल हाऊसच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी राहिले होते. आत तुम्ही पिंजऱ्यांतला भुसा बदलत होतात. डोक्याला पांढरं मुंडासं, अंगात कॉलेजने दिलेला निळा कोट, आणि पायात मेंढपाळाच्या त्या जाड वहाणा. वडवणीकडच्या माळावर आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस उंदरं कशी राखत असेल, असं माझ्या मनात आलं. कबूल करते, हसूही आलं.

तुम्ही एक उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून उचललात, दुसऱ्या हाताच्या चिमटीत त्याची मानेची कातडी घेतलीत, आणि तो गप्प पडून राहिला. म्हणालात, "ताई, तुमी भेता म्हून ते भेतंय. ते भेलं की चावतं. आदी आपलं मन गार करायचं." मी पंधरा दिवसांत शिकले. तुम्ही शिकवलंत. माझ्या थिसिसच्या आभारांच्या पानावर अकरा नावं आहेत. त्यांत तुमचं नाही.

आपला प्रयोग तसा सोपा होता. एका उंदराच्या गाठीतल्या पेशी काढून दुसऱ्याच्या पाठीच्या कातडीखाली टोचायच्या. आठवड्याभरात तिथे हरभऱ्याएवढी गाठ उठते. पण त्याआधी एक दिवस निम्म्या उंदरांना सिरम द्यायचं. ते सिरम यायचं वेगळ्या उंदरांच्या रक्तातून. त्यांना आधी त्याच गाठीच्या मारलेल्या पेशी टोचलेल्या असायच्या, म्हणून त्यांच्या रक्तात त्या गाठीविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असायच्या. उरलेल्या निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. सरांचं म्हणणं असं की अँटिबॉडी गाठीला जाऊन चिकटतील, शरीराला शत्रू दाखवून देतील, आणि गाठ वाढणारच नाही. सर म्हणजे माझे गाईड, विभागाचे प्रमुख. त्यांच्या सहीशिवाय माझा एक कागद पुढे जात नव्हता.

टोचायचं काम माझं. खुणा करायचं काम तुमचं. सिरम दिलेल्यांच्या डोक्यावर पिवळा ठिपका, मिठाच्या पाण्यावाल्यांच्या शेपटीवर. प्रत्येक सुई मी माझ्या हाताने मारली होती आणि प्रत्येक उंदीर तुम्ही धरला होता. त्या खोलीत तिसरं कोणी नव्हतं. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढे सगळं यावरच उभं आहे.

दहाव्या दिवशी तुम्ही मला कँटीनमधून बोलावून आणलंत. चहा अर्धा टाकून मी आले. पिंजऱ्यापाशी उभे राहून तुम्ही म्हणालात, "डोक्यावर पिवळी हायेत ना, त्यांच्या गाठी बोराएवड्या झाल्यात. शेपटीवाल्यांच्या अजून हरबऱ्यावानीच हायेत. हे उलटं हाय न्हवं?"

उलटंच होतं. ज्यांना वाचवायला सिरम दिलं, त्यांचीच गाठ लवकर आली आणि मोठी झाली. मी व्हर्नियरने मोजलं. पुन्हा मोजलं. तुम्ही न मोजता, नुसत्या बोटाने चाचपून सांगितलेलं तंतोतंत खरं होतं. आणि मला काय वाटलं, सांगू? आधी आनंद झाला. काहीतरी नवंच दिसतंय, असं वाटलं. तुमच्याही तोंडावर तेच होतं. मेंढरांच्या कळपात एखादी अनोळखी मेंढी आढळावी तसं तुम्ही त्या उंदरांकडे बघत होतात.

सरांनी मात्र निकाल यायच्या आधीच एका परिषदेला गोषवारा पाठवून दिला होता. सिरममुळे गाठ आकसते, असं त्यात लिहून झालं होतं. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला तर नव्हतंच.

सर आले. त्यांनी स्वतः दोन उंदीर मोजले. मग कोणाला काय टोचलं ते लिहिलेलं पिंजऱ्यावरचं कार्ड काढून बघितलं, परत लावलं आणि म्हणाले, कार्डांची अदलाबदल झाली आहे. भुसा बदलताना. तुमच्याकडे बघून म्हणाले.

तुम्ही कोटाची बटणं लावत उभे होतात. शांतपणे म्हणालात, "सर, कार्डं म्या न्हाई बदलली. अन् कार्ड ऱ्हाऊ द्या बाजूला, डोक्याची खूण बगा. डोक्यावर पिवळं म्हंजे सिरमवालं. ताईनंच टोचलंय."

"खुणाही तुझ्याच हातच्या ना," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मनीषा, अदलाबदल झाली असेल ना?"

मी म्हणाले, "झाली असेल, सर."

तीन शब्द. मामा, मी हे तीन शब्द चार वर्षं चावते आहे. मला कोणी मारत नव्हतं. दाराला कडी नव्हती. मी हो म्हटलं कारण सहा महिन्यांवर थिसिस होता, कारण बाबांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, कारण सरांचा चढलेला आवाज मला सोसवत नव्हता. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याहून एक मोठं कारण होतं. माझ्या मनात कुठेतरी पक्कं होतं की दोघांपैकी एकाला खोटं ठरवायचं असेल तर तुम्हाला ठरवणं सोपं आहे.

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. पिंजऱ्याची जाळी नीट बसली आहे का तेवढं बघितलंत. का मामा? "ताई, खोटं बोलू नका," एवढं म्हणायला काय झालं होतं? माळावर लांडग्याच्या अंगावर काठी घेऊन धावणारा माणूस तुम्ही, माझ्यासारख्या पोरीपुढे गप्प का बसलात? एकदा ओरडला असतात तर कदाचित मी शुद्धीवर आले असते. कदाचित. हा राग तुमच्यावर काढायचा मला हक्क नाही, पण तो आहे, आणि आज मी तो गिळणार नाही.

नवी कार्डं मी लिहिली. माझ्या अक्षरात. सिरमच्या जागी मीठपाणी, मीठपाण्याच्या जागी सिरम. आठवड्याने तुम्हाला मेमो मिळाला. कामातील निष्काळजीपणामुळे संशोधनाचे नुकसान, असे त्यातले शब्द. तुम्ही कंत्राटी, त्यामुळे काढून टाकायचीही गरज पडली नाही. महिनाअखेरीला पुढचं पत्र आलं नाही, एवढंच.

शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्या पिंजऱ्यांना पाणी घातलंत, झाडून घेतलंत, आणि किल्ली माझ्या हातात देताना म्हणालात, "तिसऱ्या पिंजऱ्यातली धाकली मादी पानी कमी पितीय. नळी बदलून बगा." मी नळी बदलली. नळी चोंदलेलीच होती. त्या दिवशी मला तुमचा एवढा राग आला होता, मामा. जाताना तरी माणसाने असं चांगलं वागू नये. मागे राहणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

पेपर छापून आला. मला पदवी मिळाली. त्याच कॉलेजात लेक्चरर म्हणून लागले. बाबांनी पेढे वाटले. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर सरांचा आणि माझा फोटो आला, हातात पिंजरा. बातमीचा मथळा वाचून कोणालाही वाटावं की कॅन्सरवरचं औषध आपल्या माळावर तयार होऊन बाटलीत भरून ठेवलंय. सरांनी ते कात्रण चौकटीत घालून भिंतीला लावलं.

आणि मग तो माणूस आला. हे तुम्हाला मी वस्तीवर आले त्या दिवशी सांगितलं होतं, पण पूर्ण सांगितलं नव्हतं.

घाटनांदूरचा शेतकरी, पन्नाशीचा. हातात तेच कात्रण, प्लास्टिकमध्ये घालून जपलेलं. सर नव्हते, म्हणून शिपायाने त्याला माझ्याकडे धाडलं. बाहेर लिंबाखाली जीप उभी होती आणि जीपमध्ये त्याची बायको बसली होती, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "उंदराची गाठ बसली म्हणतेत तुमच्या सुईनं. आमच्या मालकिणीला द्या. लागंल तितं सही करतो."

मी विचारलं, दवाखान्यातली ट्रीटमेंट चालू आहे ना?

"थांबवलीय. लई तरास व्हायला तिला. म्हनलं, ह्याची वाट बगावी."

मामा, मी खिडकीतून त्या बाईकडे बघितलं. ती पदराने वारा घेत होती. किती दिवस थांबवलंय, विचारलं. दोन महिने, म्हणाला. दोन महिने ती बाई माझ्या अक्षरातल्या कार्डांवर विसंबून घरी बसली होती.

मी त्याला म्हणाले, "आजच दवाखान्यात परत न्या. आमच्याकडे माणसाला द्यायचं काही नाही. आणि ही सुई दिलेल्या उंदरांची गाठ बसली नव्हती. वाढली होती."

त्याने कात्रणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मंग ह्यात खोटं कोनी लिव्हलं?"

"मी," मी म्हणाले.

तो मारेल असं वाटलं. मारायला हवं होतं. त्याने कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि तो गेला. जीप दवाखान्याच्या दिशेला वळलेली मी पाहिली. त्या बाईचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. नावसुद्धा विचारलं नाही मी. तुम्ही असतात तर विचारलं असतंत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी वडवणीला आले. एसटी स्टँडवर विचारत विचारत तुमच्या वस्तीवर पोचले. तुम्ही मेंढीची लोकर कातरत होतात. गयामामींनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि पाण्याचा तांब्या दोन हात लांब ठेवून त्या आत गेल्या. तेवढं त्यांना शोभलं. मला तेवढंच मिळायला हवं होतं.

मी उभ्यानेच सांगितलं. कात्रण, जीप, तो माणूस. रडले नाही, रडायची सोय करून घ्यायची नाही असं ठरवून आले होते. तुमची कातर चालूच होती. माझं संपलं तेव्हा तुम्ही मेंढीला सोडलंत, हात झटकलेत आणि पहिलाच प्रश्न काय विचारलात? मला वाटलं होतं, तोंड दाखवायला आलीस कशाला, असं विचाराल.

तुम्ही विचारलंत, "मंग ती गाठ वाडली कावून?"

चार वर्षं तुम्ही हाच प्रश्न घेऊन बसला होतात. ज्या प्रश्नासाठी कॉलेजात आम्ही पगार घेतो, तो विचारणारा तुम्ही एकटे होतात, आणि तुम्हाला आम्ही बाहेर काढलं.

मी सांगितलं. अँटिबॉडी गाठीला चिकटतात हे खरंच. पण चिकटून प्रत्येक वेळी मारत नाहीत. कधी कधी त्या गाठीच्या अंगावर पांघरूण घातल्यासारख्या बसून राहतात. शरीरातल्या ज्या पेशींनी येऊन गाठ खायची, त्यांना मग खालची परकी खूण दिसतच नाही. त्या जवळून निघून जातात आणि गाठ आरामात वाढते.

तुम्ही मेंढरांकडे बोट केलंत. मग म्हणालात, "कोकरू मेलं की आमी त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर घालतो. मेंढी वास घेती. आपलंच हाय म्हनती अन् पाजती. तसंच ना हे?"

मामा, मी तीन वर्षं वर्गात हे शिकवते आहे. इतकं चोख मला एकदाही सांगता आलेलं नाही.

मग मी म्हणाले की तुम्हाला परत कामावर घ्यायला लावीन. तेव्हा पहिल्यांदा तुम्ही चिडलात. आवाज चढला नाही तुमचा, पण हातातली कातर खाली ठेवलीत. "नोकरी नगं मला. मला काडलं त्याचंबी काई न्हाई. पन मला आंदळा ठरवलं. चाळीस मेंढरांत कोनतं दुखनाईत हाय ते म्या नुसत्या चालीवरून सांगतो, ताई. अन् हितं लोक म्हनतेत, ह्याला उंदरंबी सांबाळता आली न्हाईत. तेवडं खरं करा. बाकी ऱ्हाऊ द्या."

तेवढं खरं करा. मी कबूल केलं आणि निघाले. मामी बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या वेळेला कोणी कार्डाचं नाव घेऊ नये म्हणून मी सगळं नव्याने केलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांची रीतसर परवानगी काढली. सरांना विषय वेगळा सांगितला, होय, तेही खोटंच. खुणा कानावर केल्या, पुसता येऊ नयेत म्हणून. आणि गाठी मोजायला शाहीनला बसवलं. ती शेजारच्या विभागात शिकवते, अंबाजोगाईहून येते. कोणत्या उंदराला काय दिलंय हे तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती मोजायची, लिहायची, पाकीट बंद करायची. पाकिटं उघडली तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, सिरमवाल्यांच्याच गाठी मोठ्या आहेत. हे तुला आधीपासून माहीत होतं?"

मी म्हणाले, मला नाही, अंगदमामांना.

आणि अजून एक कळलं. ऐका, हे तुम्हाला फार आवडलं असतं. तेच सिरम, त्याच पेशी. पण त्या पेशी पाठीत न टोचता उंदराच्या पोटात सोडल्या, तिथे त्या गाठ न धरता पाण्यात सुट्या तरंगतात. तिथे मात्र सिरमने काम केलं. पेशी कमी झाल्या, उंदीर जास्त दिवस जगले. म्हणजे एकच अँटिबॉडी एका जागी गाठीला जपते आणि दुसऱ्या जागी तिला मारते. कळतंय का मामा, केवढी गोष्ट आहे ही? तुमच्या त्या एका वाक्याचा धागा धरला असता तर चार वर्षांपूर्वीच इथवर आलो असतो. ते खोटं बोलून आम्ही काय मिळवलं? जे खरं होतं ते त्या खोट्यापेक्षा मोठं निघालं.

मी तुम्हाला फोन केला. निकाल आलाय, कागद घेऊन येते, म्हणाले. तुम्ही म्हणालात, बाजाराच्या दिवशी या, म्या वडवणीतच असतो. मी हो म्हणाले. आणि गेले नाही. आलेख नीट उमटत नव्हते. तुम्हाला दाखवायचे तर रंगीत, मोठे, स्वच्छ दाखवावेत, असं मनाने घेतलं. डोक्यावरचा ठिपका पिवळा होता म्हणून सिरमची रेघ पिवळी काढत बसले. पुढच्या बाजाराला जाऊ, म्हटलं.

पुढच्या बाजाराला मी आले तेव्हा वस्तीवर माणसं बसलेली होती. तुमच्या भावाचं डोकं भादरलेलं होतं. माझ्या हातात रंगीत कागदांची गुंडाळी.

आठ दिवस छातीत कळ येत होती म्हणे तुमच्या. मामींना सांगितलं नाहीत. भावाला नाही. माळावर मेंढरांत बसून राहिलात आणि तिथेच आडवे झालात. हे काय वागणं झालं, मामा? धाकली मादी पाणी कमी पिते हे तुम्हाला कळतं, आणि स्वतःची छाती दुखते हे सांगायला तोंड उघडत नाही? त्या आठ दिवसांत मी रेघांना रंग देत होते. आपण दोघांनी मिळून ते आठ दिवस वाया घालवले. तुमचा राग येतो, माझा त्याहून येतो.

मामी या वेळी माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "ते सांगत हुते, ताई खरं करनार हाय म्हून. झालं का?"

नाही झालं, मी म्हणाले.

तिथून परत येऊन मी तक्रार लिहिली. स्वतःविरुद्ध आणि सरांविरुद्ध, एकाच कागदावर. प्राचार्यांनी तीनदा विचारलं, नीट विचार केलाय का. सरांनी बोलावून घेतलं, आधी लेकीसारखी म्हणाले, मग काय काय म्हणाले ते तुम्हाला सांगत नाही. शाहीनची पाकिटं मी समितीपुढे ठेवली.

आणि आज सकाळी सरांनी ते रुमालवालं वाक्य म्हटलं. अंगद बिचारा.

मी उठून उभी राहिले. मी लिहिलेली ती कार्डं टेबलावर ठेवली. म्हणाले, "कार्डं बदलली नव्हती. प्रत्येक सुई मी मारली होती, मला ठाऊक होतं. बदलली ती नंतर, सरांनी सांगितलं म्हणून, मी. हे अक्षर माझं आहे. अंगदमामा बिचारे नव्हते. त्या खोलीत बरोबर बघणारे ते एकटे होते." सर म्हणाले, ही मुलगी भावनेच्या भरात आहे. मी म्हणाले, "हो, रागात आहे. आकडे मात्र तेच आहेत."

मग कोणी सुस्कारा सोडला नाही.

निकाल दुपारी मिळाला. पेपर मागे घ्यायचं पत्र कॉलेज तो छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवणार आहे. सर सक्तीच्या रजेवर. माझ्या पदवीचं काय करायचं ते विद्यापीठ ठरवेल, तोवर मला वर्गात आणि अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पाऊल टाकायचं नाही. ते योग्यच आहे. तुमचा मेमो रद्द झाला. त्यासाठी प्राचार्यांना चार ओळी पुरल्या, मामा. चार ओळी टाईप करायला चार वर्षं आणि एक माणूस लागला. तो कागद आता माझ्यासमोर आहे आणि तो बघून मला समाधान वाटत नाही. फाडून टाकावासा वाटतो. पण तो मामींचा आहे.

म्हणून आता शब्द देते. या बाजाराला मी वडवणीला येईन, कुठलीही रेघ रंगवत न बसता. तुमच्या वस्तीवर, तुमच्या भावासमोर, ज्यांनी ज्यांनी उंदरांवरून तुम्हाला टोमणे मारले त्यांना बोलावून, तो कागद मोठ्याने वाचीन. मग मी काय केलं होतं तेही वाचीन. मामींनी त्यानंतर मला दारात उभं करू नये असं ठरवलं तर तेही ऐकीन.

आणि नवा पेपर शाहीन पाठवेल. त्यावर माझं नाव राहील की नाही, माहीत नाही. तुमचं राहील, सगळ्यात आधी. लेखक हयात नसेल तर नावापुढे एक बारीक खूण छापतात. शाहीनने विचारलं, ही खूण कशाची ते खाली काय लिहायचं? मी तिला सांगितलं, लिही, हे यांनी प्रथम पाहिलं, आणि यांचं ऐकलं गेलं नाही.

माफी मागत नाही. ती तुम्ही समोर बसून लोकर कातरत होतात तेव्हा मागायची होती, आणि तेव्हाही मी नोकरीच्या गोष्टी करत बसले. ही कबुली आहे. तिच्याखाली 'तुमची' असं लिहायचा अधिकार मला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

मनीषा